मीठ बघायला

परतलेल्या मेथीचा वास आला की मला मुलीच्या नाशिकमधल्या प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका बाई आठवतात; त्यांच्या डब्यात बहुतेकदा मेथीच असायची. मुलगी दुसरीत असताना रोज घरी येऊन सांगायची, "बाईंनी आजपण मला त्यांच्या भाजीचं मीठ बघायला बोलावलं." इतकी वर्षं स्वयंपाक केलेल्या बाईंना सात वर्षांच्या पोरीची जीभ कशाला लागते, याचं मला फार कुतूहल वाटायचं. मुलगी चौथीत गेली आणि बाई निवृत्त झाल्या. निरोप समारंभात पालकांना बोलायला सांगितलं, तेव्हा मी मोठ्या अभिमानाने हीच गोष्ट सांगितली. मागून सुरगाण्याकडची एक आई उठली. "माझ्या पोरालाबी मीठच बघाया बोलवायच्या," ती म्हणाली. "तवा आम्ही बांधकामावर होतो, डबा द्यायला जमायचं नाय." मी खाली बसलो. दुसरीच्या त्या वर्षी मुलीची आई दवाखान्यात होती आणि डबा मी करायचो, कधी करपलेला, कधी अळणी. तरी तो रोज रिकामा परत यायचा. आज मेथी परतताना कॉलेजात जाणाऱ्या मुलीला सहज विचारलं, मग माझा डबा कोण खायचं? ती म्हणाली, "बाई."