गॅसवरची पहिली फेरी

सायवनहून चारोटीला जाणारी आमची शेअर जीप म्हणजे शिक्षाच होती. आतला खडखडाट असा की शेजारचीचं बोलणं ऐकू यायचं नाही, आणि डहाणूच्या ऑफिसात पोचले तरी साडीला डिझेलचा वास. नवऱ्याची बदली सायवनच्या शाळेत झाली म्हणून मी हे सहन करत होते, नाहीतर कोण जातंय! त्यामुळे जीपवाल्या दादांनी ती मोडीत काढून गॅसवरची व्हॅन आणली, तेव्हा पहिला पेढा मीच उचलला.

तेव्हा सगळीकडे हेच चाललं होतं. मुंबईच्या टॅक्सी केव्हाच गॅसवर गेल्या होत्या, आता आमच्याकडच्या जुन्या डिझेल गाड्यांची पाळी होती. नवी व्हॅन गॅसवर चाले, गॅस संपला की पेट्रोलवर. किल्ली फिरवली की निघाली, आवाज म्हणून नाही. खिडकीशी बसून मी फोनवर आईशी सुखानं बोलायचे.

पण गाडी भरेना. दादा पाड्यापाड्यावर हॉर्न मारत, एखादा म्हातारा चढे, बाकीच्या सीटा रिकाम्याच. लोक गॅसच्या टाकीला घाबरतात, असं दादांनी ठरवून टाकलं. मग लिंबू-मिरची बांधून झाली, देवाचा फोटो लावून झाला. एकदा तर त्यांनी बायकोला टाकीला पाठ लावून बसवलं आणि नाक्यावरून सगळ्यांदेखत फेरी मारली. बायको रागानं लाल झाली होती.

दादांचा वापीचा मेहुणा त्यांना रोज फोन करायचा, ट्रकवर ये, जागा आहे. दादा पूर्वी ट्रकवरच होते. "रात्री घरी जेवाया मिळावं म्हणून ट्रक सोडला, मॅडम," ते एकदा म्हणाले. "आता परत तेच नशिबात दिसतंय." मला फार वाईट वाटलं. लोकांचा रागही आला. इतकी छान गाडी, आणि यांना नको!

एका सकाळी पाडा सोडून थोडं पुढं गेलो तोच मागून शिव्या ऐकू आल्या. भाजीची पाटी डोक्यावर घेऊन एक आजी बांधावरून धावत येत होत्या. दादांनी ब्रेक मारला.

"आजी, टाकीची भीती वाटत नाय ना?"

"टाकी कसली रं! तू येतोस कवा नि जातोस कवा, तेच नाय कलत. पयली तुजी जीप घराकडं खोकाया लागली, का आमी चूल इजवून निघायचो!"

आता डोक्यात उजेड पडला. आमच्या जीपला ठरलेली वेळ कधी नव्हतीच. दादा सकाळी अंगणात ती बराच वेळ रेस करत बसायचे, आणि तो आवाज ओढ्यापलीकडच्या घरांपर्यंत जायचा. तो ऐकून माणसं निघायची. हॉर्न काय, मोटारसायकलवालेही मारतात, त्याला कोण विचारतं? दादा कपाळावर हात मारून हसत सुटले.

आजींनी पाटी पायाशी ठेवली, मला सरकवून खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि पुढच्या पाड्याकडे तोंड करून हाळी दिली, "गाडीऽऽ आलीऽऽ!" शेतातल्या कुणीतरी तीच हाळी पुढं ढकलली. आम्ही पोचलो तर माणसं रस्त्यावर येऊन उभी.

दुसऱ्या दिवसापासून तीच रीत पडली. खिडकीत बसेल त्यानं ओरडायचं, आणि खिडकी माझी. ऑफिसात शिपायालासुद्धा हळू हाक मारणारी मी! आधी लाज वाटली. दादा म्हणायचे, "मॅडम, जरा पोटातून." मग मलाही चेव आला, आणि खरं सांगते, मजा येऊ लागली.

असंच एकदा मी घसा फोडून ओरडले, शेवटचं गिऱ्हाईक दाटीवाटीनं आत बसलं आणि दादांचा फोन वाजला. वापीचा होता. त्यांनी गाडी कडेला घेतली. "नाय रे, नाय जमणार," ते म्हणाले, "गाडीत माणसं खोळंबलीत." तो ठेवून लगेच घरी लावला आणि बायकोला सांगितलं, "रातच्याला सुकट कर. मी जेवाया हाये, नि उद्याबी हाये."