गौतमच्या दुकानात सापडलेलं एक खोटं

आधीच सांगून ठेवतो, हे किस्से अगदी असेच घडले याची हमी मी देणार नाही. पस्तीस वर्षं मुलांना सांगत आलो, की मोजमाप लिहिलं की त्यापुढे चूक किती असू शकते तेही लिहा. आता माझ्या आठवणींना तोच नियम लागू. कोण काय म्हणालं ते बरंचसं बरोबर असेल. केव्हा म्हणालं, त्यात दोन-तीन वर्षं इकडेतिकडे. आणि किस्से साचतात कसे, तर जालन्याच्या मस्तगडातल्या गौतमच्या दुकानात फळीवर वस्तू साचतात तसे. दुरुस्त होऊन पडलेल्या असतात, न्यायला कुणी येत नाही, आणि फेकायचा धीर होत नाही.

घरात विजेवर चालणारं आणि एक दिवस चालेनासं होणारं सगळं त्या दुकानात येतं. बाहेर एक बाक आहे. रिटायर झाल्यापासून त्या बाकाची डावी कड माझी.

मी कॉलेजात फिजिक्स शिकवत होतो. पीएच.डी. आहे. हे मिरवायला सांगत नाही. पहिल्या किश्शाला लागतं म्हणून सांगतो.

*

रिटायर झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी घरचा मिक्सर बंद पडला. मुलानं पुण्याहून फोनवर सांगितलं, तो फेका, नवा पाठवतो. बायको म्हणाली, चटणी आज वाटायची आहे. मी प्लग पाहिला, फ्यूज पाहिला, मनातल्या मनात मोटरचं समीकरणही मांडून पाहिलं. शेवटी मिक्सर पिशवीत घातला आणि कुणीतरी सांगितलेल्या मस्तगडच्या दुकानात गेलो.

काउंटरमागचा माणूस मला बघून उभा राहिला. "या सर," म्हणाला. मी त्याला ओळखलं, आणि तसंच परत फिरावं असं वाटलं.

त्यानं मिक्सर उलटा केला, बुडाशी असलेलं लाल बटण अंगठ्यानं आत दाबलं आणि मिक्सर माझ्यापुढे सरकवला. चालू! जास्त ताण आला की ते बटण सुटतं आणि मोटर जळण्यापासून वाचते. हे मी वर्गात शिकवलेलं आहे. आकृतीसह.

बाकावरच्या एका गिऱ्हाइकानं विचारलं, "कोण हायेत हे?"

"माझे सर. फिजिक्सचे."

"मंग मिक्सर इकडं कामून आणला?"

गौतम म्हणाला, "मोठ्या डॉक्टरला कुणी इंजेक्शन द्यायला लावतं का?"

*

परत फिरावंसं का वाटलं, ते सांगायलाच हवं. ते सांगितलं नाही तर पुढचे किस्से नुसते किस्से राहतील.

गौतम बारावीला माझा विद्यार्थी होता. प्रॅक्टिकल परीक्षेला त्याच्या वाट्याला सात नंबरचा गॅल्व्हॅनोमीटर आला. विजेचा बारीक प्रवाह दाखवणारं ते यंत्र. काळी डबी, वर काचेखाली काटा. मी फेरी मारत त्याच्या टेबलापाशी पोचलो, तर हा डबीचं मागचं झाकण बसवत होता. कर्कटकाच्या टोकानं स्क्रू फिरवत होता.

"सर, हा बंद होता. चालू केला," तो म्हणाला.

मी सेल जोडून पाहिला. काटा बराबर हलला. म्हणजे यंत्र चांगलं होतं, आणि पोरगा खोटं बोलत होता. दहा मिनिटांत, हत्याराशिवाय, कोण गॅल्व्हॅनोमीटर दुरुस्त करतं? दुसरा का मागितला नाहीस, असं मी विचारलं. दुसरा शिल्लक नव्हता असं तो म्हणाला. ते खरं की खोटं, हे मी लॅब असिस्टंटला विचारलं नाही. उपकरणाशी छेडछाड, असा शेरा लिहिला, त्यात यंत्राचा नंबरही घातला, आणि मार्क दिला नाही. तो नापास झाला. त्याला इंजिनिअरिंगला जायचं होतं. वडील मजुरीला जात. दुसऱ्यांदा बसवण्याइतका दम त्या घरात नव्हता.

स्टाफरूममधल्या एखाद्याच्या मुलानं तेच वाक्य म्हटलं असतं, तर मी लॅब असिस्टंटला विचारलं असतं का? या प्रश्नाचं उत्तर मला येतं. म्हणूनच तो मी फार वेळा विचारत नाही.

तर बाकावर बसण्यामागं माझा एक हेतू होता, आणि तो चांगला नव्हता. गौतम खोटं बोलताना सापडावा, एवढंच मला हवं होतं. एकदा सापडला असता, तर त्या दिवशीही खोटंच बोलला असेल असं म्हणून मी सुटलो असतो.

*

या धंद्यात एक रिवाज आहे. पार्ट बदलला की जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, म्हणजे खरंच बदलला याची त्याला खात्री पटते. बहुतेक लोक तो दुकानाच्या पायरीवरच टाकून जातात. जुन्या जालन्यातले एक कापडवाले शेठ मात्र प्रत्येक पार्ट पुडीत बांधून नेत. शिवाय आधी माझ्यापुढे धरत. "सर, तुम्ही शिकलेले. हा खरंच जळलाय का बघा बरं."

मी गौतमचंच मीटर घेऊन तपासायचो. प्रत्येक वेळी जळलेलाच निघायचा. मला बरं वाटायला हवं होतं.

असं चार-पाच वर्षं चाललं. एक दिवस शेठ भलीमोठी पिशवी घेऊन आले आणि ती काउंटरवर रिकामी केली. सगळे जुने पार्ट. "एवढे जमलेत. यांचा एक टीव्ही बनवून दे, दुकानातल्या माणसाला देतो."

गौतमनं ढीग नीट पाहिला. "बनतो की शेठ. बंद टीव्ही चालंल ना?"

*

भोकरदनकडचे बापलेक बत्तीस इंची टीव्ही घेऊन आल्ते. आवाज येत होता, चित्र दिसत नव्हतं. बाप म्हणत होता दुरुस्त करू, लेकाला नवा मोठा घ्यायचा होता. बाप पाणी प्यायला गेला तसा लेक काउंटरवर वाकला आणि हळूच म्हणाला, "भाऊ, बाबाला सांगा ना, की हा होत न्हाई. नवा घेतला की हा तुम्हालाच ठेवा."

मी बाकावर सरसावून बसलो. एवढं सोपं खोटं, आणि वर टीव्ही फुकट.

बाप परत आला. गौतम त्याला म्हणाला, "मामा, आत उजेडाची पट्टी असते, ती गेली. ती बदलून देतो. पण पोराचं मन याच्यावरून उडालंय, ते काय माझ्याच्यानं दुरुस्त होणार न्हाई."

लेकाचं तोंड पाहण्यासारखं झालं. बाप मात्र हसत सुटला. पुढच्या आठवड्यात नवा टीव्ही त्यांनी घेतलाच, आणि हा दुरुस्त होऊन शेतातल्या घरी गेला. लेक स्वतः न्यायला आल्ता.

*

एकदा तीन आठवडे झाले, घरात काहीच बिघडेना. दुकानात जायला कारण नाही. नुसतं जाऊन बसायचा मला संकोच वाटतो. बायको म्हणाली, "तुम्ही काय वस्तू बिघडायची वाट पाहता का?" मी कपाटावरची इस्त्री उचलली आणि निघालो.

"काय झालंय सर?"

"तापत नाही नीट," मी म्हणालो.

त्यानं लावून पाहिली. चांगली तापली. मला दिसलं, त्याला दिसलं, बाकावरच्या दोघांनाही दिसलं. गौतमनं माझ्याकडं पाहिलं आणि इस्त्री फळीवर ठेवली. "ठेवून जा सर, परवा बघतो. कधी कधी थोड्या वेळानं बंद पडतात."

बाकावरचा एक जण म्हणाला, "आरं, तापून राह्यली की ती."

"तुला काय कळतं? सर म्हणून राह्यले ना बिघडली म्हणून."

तिसऱ्या दिवशी गेलो. त्यानं वायर पुसली होती, बुड घासून लख्ख केलं होतं. पैसे घेतले नाहीत. इस्त्री पिशवीत घालून घरी येईपर्यंत माझ्या कानात त्याचं त्या दिवशीचं वाक्य होतं, सर म्हणून राह्यले ना.

*

पिंपळगाव रेणुकाईच्या एक आजी एसटीनं रेडिओ घेऊन आल्या. लाकडी पेटी, मोठी बटणं. आतलं सगळं गंजलेलं. पार्ट तर आता मिळतच नाहीत. लेकसुनेनं भंगारात टाका म्हटलं होतं, म्हणून त्यांना न सांगता आल्त्या. गौतमनं चार दिवसांनी यायला सांगितलं. त्या गेल्यावर त्यानं जुनं सगळं काढून नवा तयार बोर्ड त्या पेटीत बसवला. बाहेरून तोच रेडिओ.

आता हा आजींना तोच दुरुस्त केला म्हणून सांगणार, हे मला दिसत होतं. चौथ्या दिवशी मी सकाळपासून जाऊन बसलो. इतका वेळेवर मी कधी लेक्चरलाही गेलो नसेन.

आजी आल्या, रेडिओ लावला, कान देऊन ऐकला. "आवाज लईच तरणा झाला रे याचा."

"आतलं सगळं नवं टाकलंय आजी. जुन्यातलं काहीच राह्यलं न्हाई. पेटी तेवढी तुमची."

आजींनी पेटीवरून हात फिरवला. "मंग बराबर हाय. आमच्या घरातबी तसंच हाय. भिंती माझ्या, आतले समदे नवे."

*

एवढी वर्षं बसून मला खोटं एकदाच सापडलं.

कुठल्याशा ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले एक गृहस्थ अधूनमधून बाकावर येत. मोकळा माणूस, पण वेळकाळ न पाहता बोलणारा. गौतम एका टीव्हीच्या बोर्डावर केसाएवढ्या बारीक जागी कथलाचा डाग देत होता. ते पाहून हे म्हणाले, "गौतम, असला हात असताना तू शिकला का न्हाईस पुढं? इंजिनिअर झाला असता."

मी चहाचा ग्लास तोंडाला लावलेला होता. तो तसाच धरून ठेवला.

गौतमनं डाग पुरा केला, फुंकर मारली. "डोकं न्हवतं साहेब. फिजिक्स जमलंच न्हाई मला."

"अन् शिकवायला कोण होतं?"

"सर लई चांगलं शिकवायचे. मलाच कळायचं न्हाई."

त्यानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. पुढचा डाग द्यायला घेतला. मला तेव्हाच बोलता आलं असतं. ओठांपर्यंत आलेलं होतं. मी म्हणालो, चहात साखर जास्त आहे.

*

त्यानंतर चार वर्षांनी, की पाच, आमच्या कॉलेजनं लॅब नवी करायचं ठरवलं. जुनी काट्याची यंत्रं भंगारात, त्यांच्या जागी आकडे दाखवणारी नवी. विभागप्रमुख माझाच जुना सहकारी. त्यानं फोन केला, की सर, उद्या भंगारवाला येतोय, त्याआधी एकदा नजर टाका, आठवण म्हणून काही ठेवावंसं वाटलं तर सांगा.

व्हरांड्यात खोकी मांडून ठेवली होती. तिसऱ्या खोक्यात सात नंबर सापडला. पांढऱ्या रंगात काढलेला आकडा पुसट झाला होता, पण वाचता येत होता.

मी शिपायाकडून स्क्रू ड्रायव्हर मागून घेतला. चार स्क्रू काढायला मला बराच वेळ लागला. आयुष्यात पहिल्यांदाच मी ते यंत्र मागून उघडत होतो.

आत, एका बाजूची तार मधोमध तुटलेली होती. परीक्षेत पुरवणी बांधायला आपण जो पांढरा दोरा देतो, त्याच्या टोकाला पत्र्याची बारीक नळी असते. तारेची दोन्ही टोकं तसल्या एका नळीत समोरासमोर घालून, नळी दाबून चपटी केलेली होती.

मी सेल जोडला. काटा हलला.

चष्मा पुसून नळी पुन्हा जवळून पाहिली. तिच्यावर दातांच्या खुणा होत्या.