गाव शांत आहे ना?

वाळ्याच्या कूलरचा वास आला की तहसीलदारांची केबिन आठवते. अण्णा आमच्या गावचे पोलीस पाटील. गावातली खबर वर पोचवणं त्यांचं काम. दाखल्यासाठी मीही सोबत गेले होते. जत्रेत पालखी आधी कोण उचलणार, यावरून गावात दोन भावक्या पेटल्या होत्या. "गाव शांत आहे ना, पाटील?" जत्रेच्या परवानगीवर सही करता करता साहेबांनी विचारलं. "व्हय साहेब," अण्णा म्हणाले. "साहेब, त्यांनी काय बघितलं ते विचारा की," मी कसंबसं बोलले. साहेबांचं पेन थांबलं. अण्णांनी मान खाली घालून सांगितलं, "दोन्हीकडं घरांच्या माळवदावर दगड रचल्यात." साहेबांनी लगेच बंदोबस्तासाठी फोन लावला. परतताना एसटीत अण्णा म्हणाले, "साहेबाला न्हाय कसं म्हणायचं, पोरी?" मी आता राज्यशास्त्र शिकते, पण याचं उत्तर मला अजून देता येत नाही.