दोन बोल्टांची पट्टी

बारावीच्या निकालानंतरचे दिवस मला अर्धवट झोपेत पाहिल्यासारखे आठवतात. पांढरकवड्याला हायवेलगत अब्बूंचं गॅरेज. दुपारी हैदराबादकडे जाणाऱ्या ट्रकांची घरघर दुरून यायची, डिझेलनं धुतलेल्या बेअरिंगच्या गोळ्या घमेल्यात चमकत असायच्या, आणि मी बाजेवर पडून त्यांच्याकडे बघत मनातल्या मनात रेणू जुळवायची.

मला अमरावतीला बी.एस्सी. करायची होती. अब्बू नाही म्हणत नव्हते, आणि हो पण म्हणत नव्हते.

"आधी मले समजावून सांग, तू तिथं काय शिकणार," ते म्हणाले. "जे मले समजत नाही, त्याच्यामागं पोरीले कशी पाठवू?"

मी खडूनं फरशीवर मिथेन काढला. मध्ये कार्बन, चार बाजूंना चार हायड्रोजन. हे चौघं एकमेकांना दूर ढकलतात, असंही ऐटीत सांगितलं. अब्बूंनी मान तिरकी करून पाहिलं.

"ढकलून राह्यले, तर मंग जमिनीवर निजून काहून हायेत? एखादा वर उठंल ना."

बरोबरच होतं. खरा मिथेन तिपाईच्या तीन पायांवर एक दांडी उभी करावी तसा असतो. पुस्तकाचं पान सपाट, म्हणून माझं डोकंही सपाट झालं होतं. मला त्यांचा रागच आला.

मग मी दोन कार्बनांमधल्या दुहेरी बंधाकडे वळले. एकेरी बंधाभोवती अणू फिरू शकतात, दुहेरीभोवती नाही, एवढं मला पाठ होतं.

"काहून?"

मला सांगता येईना. गेली अमरावती, असं वाटलं. अब्बूंनी भोकांच्या दोन लोखंडी पट्ट्या उचलल्या आणि त्यांत एक बोल्ट घातला. पट्टी गरगर फिरली. शेजारच्या भोकात दुसरा बोल्ट घातला, तशी ती गच्च झाली.

"हेच ना?"

"हो."

"हे तर मले लहानपणापासून ठाऊक हाय. यासाठी अमरावती कायले?"

झाली पंचाईत. समजलं नसतं तर पाठवणार नव्हते, आता समजलं म्हणून पाठवत नव्हते. मी रडकुंडीला येऊन बोलून गेले, "अब्बू, तिथं बोल्ट नाही. तरी फिरत नाही. काहून फिरत नाही, तेच मले शिकाचं हाय."

त्यांनी दुसरा बोल्ट काढून पट्टी पुन्हा फिरवून पाहिली. एक ट्रक गेला, धूळ उठली, खाली बसली.

"बोल्ट नाही, अन् तरी फिरत नाही," ते स्वतःशीच म्हणाले. "जा मंग. समजलं की मले येऊन सांग."

उत्तर मला दुसऱ्याच वर्षी मिळालं. तिथं इलेक्ट्रॉनांचे ढग असतात. दोन्ही कार्बनांचे ढग वर आणि खाली एकमेकांत मिसळलेले असतात, फिरवायला गेलं की ते फाटतात. तास संपला, वर्ग रिकामा झाला, तरी मी बाकावर बसूनच होते. इतकं सुंदर काही मला कुणी सांगितलं नव्हतं.

अब्बूंना अजून सांगितलेलं नाही. दर सुट्टीत ते हात पुसत विचारतात, "समजलं काय?" मी म्हणते, "नाही अजून." त्यांच्याशी खोटं बोलताना वाईट वाटतं. पण समजलं म्हटलं की शिकणं संपलं, आणि मला एम.एस्सी. करायची आहे.