रोडग्यांच्या पंगतीतून उठायचं होतं

आमच्या जळगाव जामोदकडे उन्हं तापायला लागली की कुणाच्या तरी शेतात रोडगे होतात. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, तुपात बुडवायचे, सोबत वांग्याची भाजी अन् वरण. बसायचं खाली, जमिनीवर. खुर्चीवर बसून रोडगे खाणारा माणूस मी अजून पाहिला नाही, आणि पाहिला तर त्याच्याशी बोलणार नाही.

मागच्या वर्षी मीही अशीच पदर खोचून, मांडी घालून बसले आणि पोट फुटेस्तोवर जेवले. उठायची वेळ आली तर उठताच येईना! एक हात टेकवला, दुसरा टेकवला, गुडघ्यांवर आले आणि तिथंच अडकले. समोर उष्ट्या पत्रावळीवर एक कुत्रं आलं होतं. ते आणि मी अगदी एका उंचीवर, एकमेकांच्या तोंडाकडे पाहत. शेवटी जाऊबाईंच्या दोन जावयांनी मला बखोट्याला धरून उभं केलं. जावयांनी! ज्यांना आपण पाटावर बसवून ओवाळायचं, त्यांनी मला ज्वारीच्या पोत्यासारखं उचललं. कुठल्यातरी कार्टीनं त्याचा व्हिडिओ काढला आणि आम्ही घरी पोचायच्या आत तो पुण्याला माझ्या लेकाकडे पोचला.

लगेच फोन. "आई, आता बस झालं. तू आणि बाबा इथं या. माझ्या सोसायटीत खालच्या मजल्यावर एक फ्लॅट रिकामा होतोय."

"काऊन? मले काय झालं?"

"उद्या घरात पडलीस आणि बाबांनाही उचलता आलं नाही, तर तिथं कोण आहे?"

त्याचं चुकत नव्हतं, म्हणूनच माझं डोकं तापलं. पुणं वाईट नाही. पण तिथं लिफ्टमध्ये मी "मले पाचव्यावर जायचं हाय" म्हटलं की बाया गोड हसतात. अख्खं आयुष्य जिल्हा परिषदेच्या शाळेत व्याकरण शिकवलं मी, मला शुद्ध बोलता येत नाही असं नाही. घरच्यासारखं बोलायचं असतं, एवढंच. इथं सकाळी ओट्यावर बसलं की अर्धं गाव "काय मॅडम, झाला का चहा?" करत जातं. ते सोडून गेले तर मी सुकून जाईन, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"पुढच्या रोडग्याले हात न टेकवता उठून दाखवीन," मी फोनमध्ये ओरडले, "नाई उठली तं सामान बांधीन!"

रागात माझी जीभ माझ्या पुढं धावते. फोन ठेवला, तर आमचे हे डोळे मोठे करून पाहत बसलेले. "अवो, मलेबी बांधलं का सामानात?" म्हणाले.

बाजाराच्या रस्त्यावर, हार्डवेअरच्या दुकानाच्या माडीवर एक जिम आहे. दुपारी तिथं बायांची बॅच असते आणि ती घेणारी निघाली माझीच जुनी विद्यार्थिनी. वर्गात जिला गप्प बसवता बसवता माझा घसा बसायचा, ती! मला दारात पाहून तिचं तोंड असं फुललं की बस्स. साडीखाली पंजाबी ड्रेसची सलवार आणि पायात लेकानं दिलेले बूट, असा माझा अवतार होता.

"या मॅडम," ती म्हणाली, "उठाबशा काढा."

खुर्चीवर बसायचं, हात छातीशी धरायचे आणि उठायचं. एवढंच. पाचव्यांदा माझ्या मांड्या लटालटा कापायला लागल्या. मी मनातल्या मनात मोजत होते, तर ही बया मागून ओरडते, "मॅडम, मोठ्यानं मोजा! मागच्या बाकावर आवाज नाई येऊन राह्यला!" हे वाक्य कुणाचं होतं ते सांगायला नको. दुसऱ्या दिवशी मला संडासातून उठता येईना आणि आतल्या आत मी इतकी हसले, की हे बाहेरून दार वाजवायला लागले.

पुढचं काही शिकवायच्या आधी तिनं मला डॉक्टरांकडे पिटाळलं. त्यांनी रक्त तपासलं, ड जीवनसत्त्व कमी निघालं त्याची गोळी दिली. मूत्रपिंडं ठणठणीत आहेत म्हणाले. "वय झालं म्हणून अंगात ताकद येत नाही असं नसतं, बाई. वजन उचला आणि नीट खा. पण नुसती पूड खाऊन दंड फुगत नाहीत." पूड म्हणजे ती प्रोटीनची. माझी विद्यार्थिनीही तेच म्हणाली, आधी ताट, मग डबा. पण मला घाई! पुढचे रोडगे डोळ्यांपुढं नाचत होते. मी गुपचूप लेकाकडूनच प्रोटीन मागवलं, व्हॅनिलाचं. त्याला सांगितलं, बाबांना पाहिजे आहे.

आता आमच्या घरात एक रीत आहे. दुकानातून आलेली कुठलीही वस्तू तिच्या डब्यात राहत नाही. आमचे हे ती आल्या आल्या जुन्या पत्र्याच्या डब्यात ओततात आणि नवा डबा 'कामी येईल' म्हणून माळ्यावर टाकतात. चिठ्ठी-बिठ्ठी काही नाही. विचारलं तर म्हणतात, ज्याचं घर त्याले माहीत. तेव्हा बेसन संपलं होतं. मग काय, प्रोटीन गेलं बेसनाच्या डब्यात.

त्याच आठवड्यात सुलतानपूरहून माझ्या मोठ्या नणंदबाई राहायला आल्या. मी जिमहून परतले, तर घरात लसणाची खमंग फोडणी आणि तिच्या मागोमाग आइस्क्रीमचा वास! ताई कढईपुढं घामाघूम.

"काय वो हे बेसन? डबा रिता होत आला तरी पिठलं घट्टच होऊन नाई राह्यलं! नुसता फेस येऊन राह्यला!"

मी कढईत पाहिलं. हिरव्या मिरच्या, मोहरी, आणि त्यात माझे महिनाभराचे दंड उकळत होते. ह्यांनी शांतपणे बोट बुडवून चाटलं. "वाईट नाई," म्हणाले, "लग्नातल्या आइस्क्रीमले फोडणी देल्यावानी लागते." मग मी जी हसायला लागले, की ओट्याला धरून खालीच बसले. ताई आधी चिडल्या, मग त्याही बसल्या. आणि नंतर आम्हा दोघींना उठवता उठवता ह्यांची कंबर धरली.

ती पूड कशाची असते हे ऐकल्यावर ताई म्हणाल्या, "दुधापासूनच करतेत ना? मंग दही खा ना माय, अंडे खा! गावभर कोंबड्या हिंडून राह्यल्या!" त्या होत्या तोवर त्यांनी माझ्या ताटाचा ताबा घेतला. भाकरीसोबत रोज उसळ, वाटीभर घट्ट वरण, दही, दोन अंडी. मी डबा पुन्हा मागवलाच नाही. मागवायला तोंड कुठं होतं!

मात्र खुर्चीवरून उठणं वेगळं आणि जमिनीवरून उठणं वेगळं. तिथं ह्यांचं डोकं चाललं. परसात बांधकामाच्या उरलेल्या विटा होत्या. त्या त्यांनी भिंतीशी रचल्या, वर पाट ठेवला. मी त्यावरून हात न टेकवता उठायची. चार-आठ दिवसांनी एक थर काढायचा. थर निघाला की ह्यांना इतका आनंद व्हायचा, की शेजाऱ्यांना बोलावून दाखवायचे. जिममध्ये वजनं वाढत होती, घरात विटा कमी होत होत्या. मध्ये तीन आठवडे एकाच थरावर अडकले. पाय हलेनात. त्या दिवसांत मी ओट्यावर बसून रस्त्याकडे नुसती पाहायची आणि रडायची, खोटं काय बोलू. ह्यांनी मुकाट्यानं एक थर पुन्हा वाढवून दिला. तिथून परत खाली आले. आणि एका सकाळी पाट थेट फरशीवर होता, आणि मी उभी होते!

यंदाचे रोडगे सातपुड्याच्या पायथ्याशी, चुलत दिराच्या शेतात. लेक मुद्दाम पुण्याहून आला, मोबाइलमध्ये त्या फ्लॅटचे फोटो घेऊन. माझ्या शेजारीच मांडी घालून बसला. मी त्याला रोडग्यावर तूप वाढत होते. गोतावळ्यात सगळ्यांना पैज माहीत होती. दोन्ही जावई तर बाह्या सारून तयारच!

पंगत उठायला लागली. मी पाय जवळ घेतले, एक पाऊल पुढं रोवलं, हात छातीशी धरले. "मोठ्यानं मोजा," जिममधला तो आवाज कानात घुमला. आणि उठले! सरळ! वाऱ्यावर पदर उडाला तरी हात सोडला नाही. अशा टाळ्या पडल्या की झाडावरचे राघू उडाले. ह्यांनी तर शेतातच शिट्टी मारली, या वयात!

खाली पाहिलं, तर लेकानं हात वर केलेला. मला वाटलं, टाळी मागतोय. मी खणखणीत टाळी दिली.

"टाळी नको आई, ओढ," तो हळूच म्हणाला, "माझ्या पायांना मुंग्या आल्यात. मला उठताच येत नाहीये."

अरे देवा! दिवसभर संगणकापुढं बसून माझं लेकरू चाळिशीच्या आत असं होऊन बसलं होतं. मी पाय रोवले आणि ओढला. चांगलाच जड होता. उभा राहिला तरी त्यानं माझा हात सोडला नाही. "खूप काळजी वाटत होती गं तुझी," म्हणाला. डोळे भरले होते त्याचे. माझेही भरले.

फ्लॅटचा विषय त्यानं काढला नाही. मीच म्हटलं, "आता तू इकडे येऊन राह्य थोडे दिवस. विटा ठेवल्या हायेत."