बाबूजींची पाण्याची बाटली

माझे सासरे जाम गावाहून आमच्या पिपरी मेघेच्या घरी दर रविवारी यायचे, ते स्वतःच्या पाण्याची बाटली घेऊन. आम्ही त्यांना बाबूजी म्हणायचो. बाटली पायाशी ठेवायची, लेकीची विचारपूस करायची आणि दोन तासांनी आमच्या घरचा थेंबही न घेता बस पकडायची, असा त्यांचा क्रम.

मी बौद्ध, वर्षा हिंदू किराणा दुकानदाराची मुलगी. लग्न नोंदणी पद्धतीनं झालं. बाबूजी त्या दिवशी आले नाहीत, पण सहा महिन्यांनी आपणहून यायला लागले. वडिलांनी आपल्या घरी एकदा जेवावं, एवढीच वर्षाची इच्छा. त्यांच्यासाठी केलेला चहा ती दर रविवारी मोरीत ओतायची आणि ओतताना माझ्याकडे पाहायची नाही.

मी आमच्या खानदानातला पहिला बी.ए. पदवीची चौकट पुढच्या खोलीत बुद्धमूर्तीशेजारी लावली आहे. ती मूर्तीपेक्षा मोठी झाली, हे वर्षानं दाखवल्यावर कळलं. मी स्पष्टवक्ता आहे, हेही मीच लोकांना सांगतो. नालवाडीच्या विहारात समतेवर तासभर बोललो होतो. घरी मात्र बाटली दिसली की मी गुपचूप पंखा बंद करायचो. भर वैशाखात. बाटली संपेल, तहान लागेल, पाणी मागतील, मग मी त्यांना सुनावीन, असा बेत. बाबूजी पुरवून पुरवून घोट घ्यायचे. घामाघूम मी व्हायचो.

गप्पांत मी लांबण लावली की ते दुकानातलं एक वाक्य टाकायचे, "जवाईबापू, बोलणं कमी, तोलणं बरोबर."

अशी तीन वर्षं गेली. एका रविवारी वर्षानं चहा ठेवलाच नाही. विचारलं तर म्हणाली, "कोणासाठी?" तेव्हा मला राहवलं नाही. तीन वर्षं घोकलेलं भाषण होतं, पण तोंडातून एवढंच निघालं, "बाबूजी, आमच्या घरचं पाणी काऊन पेत नाई तुमी?"

त्यांनी पायाशी ठेवलेली बाटली बाजूला सरकवली. मग म्हणाले, "पह्यल्या वर्षी विटाळच मानत होतो. खोटं काऊन बोलू? मंग ते मनातून गेलं. पण इतके दिवस बाटली आणली, आता सोडाले लाज वाटे. तुमी शिकलेले, कधीतरी इचारसान असं वाटे. तुमी त पंखाच बंद करून राह्यले."

विटाळ हा शब्द ऐकायची माझी तयारी होती, तरी तो लागला. पंख्याचं त्याहून जास्त लागलं, कारण दारात उभी वर्षा रडता रडता हसत होती.

रविवारचा स्वयंपाक माझ्याकडे असतो. तीही माझी समता. मी ताट वाढलं. बाबूजींनी वरणभाताचा पहिला घास घेतला, आमचं पाणी प्यायले आणि विचारलं, "वरण कोणं केलं?"

मी छाती काढून सांगितलं, मी.

"मीठ नाई त्यात," म्हणाले आणि आणखी भात मागितला.

पुढे दर रविवारी ते आमच्याकडे जेवले आणि दर रविवारी त्यांनी माझ्या वरणाला नावं ठेवली. गेल्या वर्षी ते वारले. रविवारचं वरण अजून मीच करतो. वर्षा ते चाखत नाही, आधी मीठ घालते.