गोदाबाईंचे वाळवलेले झिंगे

श्रीमती गोदाबाईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या अध्यापनाविषयी इतर मंडळी लिहितीलच. मी दहा वर्षे त्यांच्याबरोबर एकाच शाळेत शिकवले, तरी लिहिणार आहे ते कुत्र्यांविषयी. संपादकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण बाईंचा शिष्य झालो तो मी तिथेच.

स्वातंत्र्य मिळाल्याच्या पुढच्या वर्षी बाई आमच्या शाळेवर रुजू झाल्या. त्यांना आणायला मी बैलबंडी घेऊन सौंदड स्टेशनावर गेलो होतो. आधी ट्रंक उतरली, मग टोपली, आणि टोपलीत पिल्लू. वाटेत पिल्लू शहाण्यासारखे बसले की बाई पदराची गाठ सोडून त्याला काहीतरी देत. ते तलावातले वाळवलेले झिंगे आहेत, हे वासावरूनच कळले. पुढे शाळेला तो वास सवयीचा झाला. तपासणीला येणारे साहेब मात्र नाकाला रुमाल लावूनच बसत.

बाईंनी कुत्र्यावर कधी हात उगारला नाही. नीट वागले की लगेच झिंगा आणि कौतुकाचा शब्द. चुकले की नुसती पाठ फिरवत. कोंबड्यांमधून सरळ चालत जाणारे कुत्रे गावाने पहिल्यांदा त्यांच्याच अंगणात पाहिले. मी पडलो छडीचा मास्तर. मला हे सारे फाजील लाड वाटत.

माझ्या कुत्र्याने, शेरूने, शेजारची कोंबडी धरली, तेव्हा मी त्याला हाक मारली. बिचारा शेपटी हलवत आला आणि मी त्याला बडवून काढला. त्या दिवसापासून माझा आवाज ऐकला की तो उलट्या दिशेला पळे.

त्याच हिवाळ्यात गावात एक कुत्रे पिसाळले. दिवस मावळेपर्यंत जे कुत्रे बांधलेले नसेल ते मारले जाईल, अशी दवंडी फिरली. शेरू धानाच्या रिकाम्या बांधीत मोकळा हिंडत होता. मी हाका मारमारून घसा बसवला. तो दूर दूरच जात राहिला. शेवटी मान खाली घालून बाईंचे दार गाठले. तुमच्याकडे तो येतो, तुम्हीच आणून द्या, म्हणालो.

"मी आणून देईन त आज वाचंल. उद्या कोण आणून देईन, गुरुजी?" बाई म्हणाल्या. "तुमी बोलावून मारलं. मंग तो कायले येईन?"

त्यांनी मला धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसवले, मूठभर झिंगे दिले आणि स्वतः मागे उभ्या राहिल्या. सूर्य टेकेपर्यंत जमले नाही तर त्या बोलावणार होत्या. हाक मारायची नाही, त्याच्याकडे पाहायचेही नाही. तो एक पाऊल पुढे आला की एक झिंगा टाकायचा. दुपार कलली. शेरू आधी दहा हातांवर आला, मग पाच, मग माझ्या गुडघ्याशी. त्याला पकडायला माझा हात आपसूक वर गेला.

"हात खाली," बाई हळूच म्हणाल्या.

मी हात खाली घेतला. शेरूने तो हुंगला, चाटला. मला भयंकर लाज वाटली आणि रडू आले, हे इथे कबूल करतो. दोरी न लावता तो माझ्यामागे घरी आला.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात छडी नेली नाही. त्यानंतर आजवर नेलेली नाही.

शेरू आता म्हातारा झाला आहे, कानांनी ऐकू येत नाही. तरी मी धुऱ्यावर बसलो की येऊन टेकतो. बाईंची प्रकृती अशीच खणखणीत राहो, आणि अजून पुष्कळ वर्षे त्या आमच्या मागे उभ्या राहून हळूच "हात खाली" म्हणत राहोत.